वायरीला बांधलेला दोरा

दसऱ्याच्या सकाळी रजनी दारात पाट टाकून तोरण ओवत बसली होती. एक झेंडू, दोन आंब्याची पानं, पुन्हा एक झेंडू. हातभर तोरण झालं होतं, चौकट भरायला अजून तेवढंच हवं होतं, आणि आतून सुनेची हाक आली.

"आई, नेट गेलंय का हो?"

नळाचं पाणी गेलं का, असं विचारावं तसं वल्लरीने विचारलं होतं. पण रजनीच्या हातातली सुई फुलाऐवजी बोटात गेली. गेल्या दोन महिन्यांत नेट दोनदा गेलं होतं. एकदा वाऱ्याने फांदी पडून वायर तुटली, एकदा गटार खणणाऱ्यांनी तोडली. दोन्ही वेळा वल्लरीचा दिवस वाया गेला. दुसऱ्या वेळी तिच्या हैदराबादच्या साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं, की आता तिसऱ्यांदा असं झालं तर घरून काम बंद, पहिल्या तारखेपासून हैदराबादच्या ऑफिसात येऊन बसायचं. वल्लरी गेली म्हणजे साडेतीन वर्षांची नात हर्षदाही जाणार, मागोमाग आज ना उद्या मुलगा विहंगही. ते गेले की लोणावळ्याच्या या तीन खोल्यांत उरणार कोण? रजनी, तिचे यजमान अनंतराव आणि देव.

पाटावरचं तोरण तसंच टाकून ती आत गेली.

नेटचा डबा, म्हणजे तो राउटर, देवघराच्या शेजारच्या फळीवर होता. कनेक्शन घेतलं तेव्हा वायर आत घ्यायला भिंतीला भोक तिथेच सोयीचं पडलं. रजनीने तेव्हा जरा नाक मुरडलं होतं, पण पुढे तिला त्या शेजाराचं काही वाटेनासं झालं. सकाळी देवापुढे निरांजन लावलं की डब्यावरचे हिरवे दिवे आणि निरांजन एकाच नजरेत दिसायचे. आज एक दिवा लाल होता आणि डोळा मारल्यासारखा लुकलुकत होता.

रजनी मूळची सुदुंबऱ्याची. वडील सुतारकाम करायचे. त्यांच्या घरात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. करवत, रंधा, पटाशी, वाकस, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि एकेका हत्याराला लाल-पिवळा दोरा करकचून बांधायचा. तो दिवसभर हत्याराला कुणी हात लावायचा नाही. "वर्षभर राबतंय," वडील म्हणायचे, "एक दिवस त्यालाही टेकू दे." दोऱ्याची गाठही त्यांची खास होती, कितीही ओढा, सुटायची नाही. आठ वर्षांच्या रजनीने ती बघून बघून उचलली होती. लग्न होऊन लोणावळ्याला आली त्याला चौतीस वर्षं झाली, अनंतराव रेल्वेत होते, घरात सुतारकीचं काही नव्हतं, पण खंडेनवमी तिने एकदाही चुकवली नाही. शिलाई मशीन, विळी, मिक्सर, अनंतरावांचा जुना पाना.

यंदा खंडेनवमी रविवारी आली. विहंग, वल्लरी आणि हर्षदा दिवसभरासाठी पुण्याला, वल्लरीच्या माहेरी गेले होते. रजनीने नेहमीची पूजा केली आणि मग तिची नजर फळीवर गेली. खरं तर या घरातलं सगळ्यात मोठं हत्यार आता तेच. त्याच्याच जिवावर पोर घरात होती. तिने बटण बंद करून डबा पुसला, कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं. मागे एक बारीकशी वायर अघळपघळ लोंबत होती. तिने तिचे बोटाएवढे वेढे केले, दोऱ्याने आवळले, वडिलांची गाठ मारली आणि हात जोडून म्हणाली, "आई जगदंबे, तिसऱ्यांदा जाऊ देऊ नकोस. पोर माझ्याजवळ राहू दे." सोमवारी उजाडताच, देवपूजा झाल्यावर, तिने बटण चालू केलं. दिवे लागले. त्यातला कुठला कोणत्या रंगाचा असायला हवा, हे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता वल्लरी त्या डब्यापुढे वाकून उभी होती. तिने बटण बंद केलं, मनात तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केलं. लाल. मागे हात घालून वायरी नीट बसल्यात का ते चाचपलं. दोऱ्याला तिची बोटं लागलीही. तसाच दोरा हर्षदाच्या मनगटाला होता, स्वयंपाकघरात मिक्सरलाही होता. त्यात विशेष काय?

"लाल आहे म्हणजे पुढं वाट मोकळी नाही," अनंतराव खुर्चीतून म्हणाले. घाटात मालगाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर त्यांची तीस वर्षं गेली होती. "सिग्नलच नाही तर इंजिन तरी काय करणार? यात इंजिनाची चूक नाही."

"बाबा, मला अकराला हजेरी लावायचीये, साडेबाराला मीटिंग आहे. मलाच बोलायचंय तिथे."

"अगं, पण आज दसरा."

"आपला. ज्यांचं काम करतो त्या परदेशी बँकेला दसरा नाही."

सवादहा झाले होते. वल्लरीने रजनीच्या फोनवरून केबलवाल्यांचा तक्रार नंबर लावला आणि हातात लॅपटॉप असल्याने फोन रजनीच्याच हाती दिला. आधी सनई वाजली. मग एका बाईने सणाच्या शुभेच्छा दिल्या. मग लाल दिवा असेल तर दोन दाबा. रजनीने दोन दाबलं. पुन्हा सनई. कुणाच्या लग्नाला आल्यासारखी ती कानाला फोन लावून पंधरा मिनिटं उभी होती. शेवटी एक खरी मुलगी बोलली.

"मॅम, लाल बत्ती जल रही है?"

"हो बाई, जल रही है. ताई, माझी सून... मेरी बहू का काम है, बहुत जरूरी है."

"कंप्लेंट ले ली है मॅम. त्योहार है, तो अडतालीस घंटे लग सकते हैं."

"अठ्ठेचाळीस तास? अहो, तिला अकराला..."

मुलीने आणखी काही मदत हवी आहे का विचारलं आणि रजनी काय ते सांगायच्या आत फोन ठेवला.

वल्लरी तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसली होती. घरात मोबाइलला दोन दांड्या रेंज मिळते ती तिथेच, ओट्याच्या कोपऱ्याला. स्वतःच्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडून ती तिचं ते व्हीपीएन लावत होती. व्हीपीएन म्हणजे काय, हे तिने रजनीला मागे एकदा सांगितलं होतं: घरातून थेट कंपनीच्या आत जाणारं बंद भुयार, आपल्याशिवाय त्यात कुणी शिरायचं नाही. नुसतं नेट असून चालत नाही, भुयार अखंड टिकावं लागतं. आणि सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात आलेल्या हजारो पर्यटकांचे फोन त्याच टॉवरवर लोंबकळत होते. भुयार अर्ध्यापर्यंत जायचं आणि ढासळायचं.

रजनी परातीत पुरणपोळीची कणीक मळायला घेऊन बसली, पण हात चालेनात. अखेर तिने सांगून टाकलं.

"वल्लरी, एक सांगू का? रागावू नकोस. काल मी ते बंद ठेवलं होतं. दिवसभर. खंडेनवमीचं हत्यार वापरत नाहीत ना, म्हणून."

वल्लरीने पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. "बंद ठेवल्याने काही होत नाही, आई. लोक महिना महिना बंद ठेवतात. हे बाहेरून गेलंय."

रजनीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपली चूक नाही. बाहेरून गेलंय. तिने देवघराकडे पाहून हात जोडले आणि दोऱ्याचं काही बोलायचं तिच्या मनातही आलं नाही.

शेजारी प्रज्ञेशचा बंगला होता, तो पर्यटकांना भाड्याने द्यायचा. वल्लरी लॅपटॉप छातीशी धरून तिकडे धावली. प्रज्ञेश भला माणूस, त्याने लगेच पासवर्ड सांगितला. "पण वहिनी, आत बत्तीस पाहुणे आहेत. पोरं सकाळपासून गेम खेळतायत. मुंगीच्या पावलाने चालेल." तसंच झालं. तिसऱ्या वेळी आत शिरता शिरता भुयार तुटलं आणि पडद्यावर सूचना आली, की फार वेळा प्रयत्न झाल्याने खातं सुरक्षेसाठी बंद करण्यात येत आहे. वल्लरी तशीच परत आली. तिने कंपनीच्या मदत विभागाला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, कुलूप काढतो, पण तुमच्या साहेबांची मंजुरी लागेल. साहेब सुट्टीवरून साडेबाराला थेट मीटिंगमध्येच येणार होते, त्याच मीटिंगमध्ये, जिच्यात वल्लरीला बोलायचं होतं.

"मग पुण्याला जा ना माहेरी, तिथं नेट आहे," अनंतराव म्हणाले.

"खात्यालाच कुलूप लागलंय, बाबा. आता चंद्रावर गेले तरी काय उपयोग?"

विहंगचा फोन आला. तो नवलाख उंबरे गावातल्या त्याच्या कारखान्यात होता, तिथे यंत्रांची पूजा चालली होती, मागून घंटेचा आवाज येत होता. "बंद करून चालू केलंस का?" त्याने विचारलं. वल्लरीने फोन रजनीकडे दिला. "केलं रे बाबा, सगळं केलं," ती म्हणाली.

मग तिला कस्तुराबाई आठवली. ही आंदर मावळातली बाई दर दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन लोणावळ्याच्या बाजारात बसायची, रजनीची ओळख वीस वर्षांची. तिचाच मुलगा कैलास केबलवाल्यांकडे खांबावर चढायचं काम करायचा आणि या घरात वायर त्यानेच आणली होती. कैलासचा फोन सकाळपासून लागत नव्हता. रजनीने पदराला हात पुसले आणि बाजार गाठला. चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग, वाहनांना झेंडूचे हार, माणसांना वाट नाही. कस्तुराबाई उरलेल्या फुलांवर पाणी मारत होती.

"मावशी, कैलास कुठाय?"

"त्यो व्हय? घरला हाय. हळवं भात कापाय घातलंय न्हवं. धा दिस झालं सुटी मागत हुता, काल गावली."

"त्याला फोन लागत नाही. माझ्या घरातलं नेट गेलंय हो. सुनेच्या नोकरीचं काम आहे."

"आमच्या हितं कुटला फोन लागतोय, ताई! सांजच्याला गुरं घेऊन टेकाडावर गेला तर लागंल." कस्तुराबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमी येवढं रडकुंडीला का आलाय? नेट म्हंजी काय दूध न्हाई नासाय. आज न्हाई तर उद्या यील."

"उद्या नाही चालत, मावशी. आज गेलं तर माझी नात जाते."

नेट आणि नात यांचा संबंध कस्तुराबाईला कळणं शक्य नव्हतं. तिने विचारलंही नाही. आपट्याची चांगली हिरवी फांदी निवडून रजनीच्या हातात दिली आणि म्हणाली, "मी दुपारच्या गाडीनं जाती. पोचली की त्याला धाडती. रातच्याला वाटंला गाडी न्हाई, सकाळी यील. ही घ्या, पोरीच्या हातानं वाटा सोनं."

घरी आली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. वल्लरी बंद लॅपटॉपवर हात ठेवून बसली होती, समोर कुणी झोपलंय आणि उठवायचं नाही, अशी. पुरण थंड झालं होतं. अनंतरावांनी नैवेद्याचं कसंबसं ताट वाढलं होतं. हर्षदा तेवढी आपट्याची पानं घेऊन घरभर फिरली. आजोबांना सोनं दिलं, आजीला दिलं, देवीपुढे ठेवलं आणि चवड्यांवर उभी राहून एक पान डब्यावरही ठेवलं. "याला पण," ती म्हणाली. लाल दिवा पानाआडून लुकलुकत राहिला.

चार वाजता साहेबांचा फोन आला. वल्लरी खोलीत गेली, दार लोटलं. रजनी दाराशी उभी राहिली नाही. चोरून ऐकणं तिला आवडायचं नाही. ती देवघरापुढे बसून जप करू लागली, पण माळेचे मणी बोटांतून जायचे आणि कान मात्र दाराकडे. आतून फक्त "यस", "आय अंडरस्टँड", पुन्हा "यस". दहा मिनिटांनी वल्लरी बाहेर आली.

"पहिल्या तारखेपासून हैदराबाद," ती म्हणाली. "चांगले बोलले. म्हणाले, घरचं समजतं त्यांना. पण आता त्यांच्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"माहीत नाही, आई."

संध्याकाळी विहंग आला आणि ठरायचं ते ठरलं. नोकरी सोडून चालणार नव्हतं, घराचा हप्ता तिच्याच पगारावर होता. वल्लरी आणि हर्षदा पुढे जाणार, विहंग तिकडे काही मिळतंय का ते बघणार. सोबतीला सहा महिने वल्लरीची आई जाणार. रजनीला विचारलंच नाही असं नाही. पण अनंतरावांना रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागे आणि ते स्वतः सुई टोचून घेत नसत. घाटात रात्रीबेरात्री गाड्या रेटलेला माणूस सुई पाहिली की डोळे मिटायचा. तेव्हा "नाही" हे तिनेच म्हटलं, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कैलास दारात. केसांत भाताचा पेंढा, हातावर कापणीचे ओरखडे, खांद्याला पिशवी. "आईनं रात्रभर झोपू दिलं न्हाई," तो हसत म्हणाला. "लोणावळ्याच्या ताई रडत हुत्या म्हणं."

त्याने आधी बाहेर खांबावरची पेटी उघडून यंत्र लावलं. "हितपर्यंत उजेड येतोय," तो म्हणाला. मग घरात आला, फळीवरचा डबा अलगद पुढे ओढला आणि थांबला.

"काकू, ही वायर कुणी बांधली वो?"

चहा घेऊन आलेली रजनी जागीच थबकली. "मी. का रे?"

"आत काच असती, काकू. केसावानी बारीक. तिच्यातनं उजेड जातो, त्येच नेट. अशी दुमडून आवळली की उजेड पुढं सरकत न्हाई." त्याने पिशवीत हात घातला. "थांबा, कापतो दोरा."

"कात्री नको लावू," रजनी म्हणाली. "पूजेचा आहे. मी सोडते."

कप तिने खाली ठेवला आणि ती फळीशी गेली. वडिलांची गाठ. ओढून ती सुटत नाही, उलट घट्ट होते; सोडायची तर आधी ढील द्यावी लागते, मग नखाने एकेक पदर मागे घ्यायचा. हळदीच्या पाण्याने दोरा आखडला होता. मागे वल्लरी येऊन उभी राहिल्याचं तिला पावलांवरून कळलं. अनंतराव खुर्चीतून म्हणाले, "अगं, इंजिनाला आम्हीही हार घालायचो. पण म्हणून ब्रेकच्या नळीला कुणी गाठ मारली नाही हो!" त्यावर कैलास हसला आणि बाकीचे हसले नाहीत, तेव्हा गप्प झाला.

पहिला पदर सुटला, दुसरा सुटला. रजनीच्या नखात लाल रंग गेला. दोरा हातात आला तशी वायर आपसूक सैल झाली, वेढे उलगडले, आणि फळीवरचा लाल दिवा एकदा विझून हिरवा लागला.

"झालं बघा," कैलास म्हणाला. "येवढंच हुतं."

तो चहा पिऊन, हर्षदाच्या हातचं शिळं सोनं खिशात घालून गेला. रजनी दोरा मुठीत धरून तिथेच उभी.

"वल्लरी, तुझ्या साहेबांना फोन लाव. मी बोलते. हिंदीत बोलेन. सांगते, माझ्या सुनेची चूक नाही, वायरीची नाही, कंपनीची नाही. माझी आहे. एवढ्या एका वेळी..."

"आई."

"मग इंग्रजीत लिहून दे, वाचून दाखवते."

"आई, त्यांना कारण लागत नाही. किती वेळा गेलं, तेवढाच आकडा असतो त्यांच्याकडे." वल्लरीचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर रजनीला बरं वाटलं असतं. "आणि मी काल हात लावला होता त्या दोऱ्याला. मलाही कळलं नाही. मी तर इंजिनिअर आहे."

"मी देवीकडे तेच मागितलं होतं गं. पोर राहू दे म्हणून."

वल्लरीने सासूच्या हातातला दोरा घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. थोड्या वेळाने ती लॅपटॉप उघडून बसली. खात्याचं कुलूप कालच साहेबांच्या मंजुरीने निघालं होतं; भुयार पहिल्याच फटक्यात लागलं, दिवसभर टिकेल असं. बदलीचं पत्र त्यातूनच आलं, आठ पानांचं, आणि तिला ते सही करून त्यातूनच परत पाठवायचं होतं.

रजनीने दोरा निर्माल्याच्या टोपलीत ठेवला. डब्यावरचं वाळलेलं फूल काढलं, आपट्याचं पान मात्र राहू दिलं. देवाला दिवा लावला. काही मागितलं नाही. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतीच बसली. बाहेर दारात कालचं अर्धं तोरण पाटावर पडलं होतं, फुलांच्या कडा तपकिरी झालेल्या. तिने ते उचलून चौकटीला बांधलं. अर्ध्यापर्यंतच पुरलं. साधी गाठ मारली, ओढली की सुटेल अशी.

"आई," वल्लरी आतून म्हणाली, "तिकडच्या शाळेला हर्षदाचा बालवाडीचा दाखला लागणारे. मला आज उठता येणार नाही. तुम्ही आणाल का? तुम्हाला तिथे सगळे ओळखतात."

"आणते," रजनी म्हणाली.

बालवाडी दहाला उघडायची. तिने अनंतरावांचं इन्सुलिन टोचलं, हर्षदाच्या जन्मदाखल्याची प्रत पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि ती बालवाडीतून नातीचा दाखला आणायला निघाली.